विमानात बसलेला अण्णा

माझ्या भावाची अंत्ययात्रा दोनदा निघाली. पहिल्यांदा निघाली तेव्हा तो चांगला ठणठणीत होता, दुपारी दोन भाकरी आणि ठेचा खाऊन आला होता, आणि शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा टाळ्या वाजल्या नाहीत. मधल्या काळात तो फारसा जिवंत नव्हताच असं माझं मत आहे. पण ते मी कुणाच्या तोंडावर बोलत नाही, बहिणीला भावाची माया नाही असं लोक म्हणतात.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. एकेका दाखल्यासाठी उस्मानाबादच्या फेऱ्या मारणाऱ्या माणसांना घरबसल्या कलेक्टर मिळाला आणि सगळं गाव कॉलर ताठ करून हिंडू लागलं. त्याच सुमाराला पाणी संपलं. जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं आमच्या गल्लीतल्या बायका टँकरच्या रांगेत म्हणायच्या. गंजगोलाईच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं. रांगेत लावायला प्रत्येकाला घागर हवी, कळशी हवी, हंडा हवा, त्यामुळे दुष्काळ आम्हाला चांगलाच मानवला होता. अण्णाला हे बोललेलं आवडायचं नाही. "लोकायची सोय करून राहिलो," असं तो म्हणायचा.

घरात आम्ही चौघं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. अण्णा माझा थोरला भाऊ, आणि वहिनी लग्न होऊन दोनेक वर्षांपूर्वी देगलूरहून आलेली. ती मॅट्रिक झाली होती आणि ट्रंकेत लुगड्यांच्या खाली पुस्तकं घेऊन आली होती. अव्वाला ते पहिल्या दिवसापासून खुपलं. पोळपाटाशी पुस्तक उघडं दिसलं की अव्वा त्याच्यावर मुद्दाम पीठ सांडायची, आणि वहिनी पान झटकायची.

जिल्हा झाल्याचा उत्सव करायचा होता. नांदेडहून बदलून आलेले कॉलेजचे एक प्राध्यापक होते, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. त्यांच्या डोक्यात आलं की एका नावाजलेल्या जुन्या कादंबरीचं नाटक करायचं, तेही थिएटरात नाही, गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्यात. कादंबरीचं नाव सांगत नाही, तसंही इथे मी कुणाचंच नाव घेणार नाही. गोष्ट अशी: दुष्काळात गाव उठून जातं, एक माणूस मागे राहतो आणि विहीर खणतो. खणता खणता विहिरीतच मरतो. त्याला वर काढून नेतात, आणि मागे खड्ड्यात पाणी पाझरायला लागतं. लेखकाला शेवटच्या पानावर पाणी लागतं. आम्हाला काही लागलं नव्हतं.

त्या माणसाच्या कामासाठी सरांनी अण्णाला निवडलं. अण्णा उंच, दुकानात ओरडून ओरडून आवाज कमावलेला, आणि नाटकाला लागणाऱ्या घागरी फुकट देणारा. वाचायची मात्र त्याला बोंब. दोन ओळी वाचल्या की जांभई. मग वहिनीनं ट्रंकेतून तीच कादंबरी काढली आणि रोज दुकान बंद झाल्यावर ती त्याला वाचून दाखवू लागली. ती एक वाक्य म्हणायची, तो मागून म्हणायचा, चुकला की ती देगलूरकडच्या तेलुगूत काहीतरी म्हणायची आणि दोघं हसायची. माझा भाऊ बायकोजवळ बसून हसतो हे मला तेव्हाच कळलं. त्याआधी ती घरात कामाला होती, आता त्याच्याजवळ होती. त्या दोघांना मी तेवढंच एकदा सुखात पाहिलं, आणि तेवढंच अव्वालाही दिसत होतं.

एकदा सर घरी चहाला आले. शेवटच्या प्रवेशाचं बोलणं चाललं होतं. कादंबरीतल्या त्या माणसाच्या गळ्यात लिंग आहे, म्हणजे तो आमच्यातला, लिंगायत. पण लेखकानं 'त्याला नेला' एवढंच लिहिलंय, कसा नेला ते नाही. सरांनी अण्णाला विचारलं, "तुमच्यात कसं नेतात हो?" अण्णा बशीत चहा ओतत बसला. दिवेलागणीला असलं कुणी घरात बोलत नाही. शेवटी चहाचा ट्रे धरून उभी असलेली वहिनीच म्हणाली, "बसवून नेतेत, सर. आमच्यात झोपवत न्हाईत. बांबूचं विमान करतेत, त्याच्यात मांडी घालून बसवायचं, कपाळाला भस्म लावायचं, पडू नये म्हनून मागं फळीला शेल्यानं बांधायचं. अन् बसलेल्यालाच पुरतेत."

सर खुर्चीतून उठलेच. विमान लोकांच्या मधून आणायचं, पाठीमागे मावळता सूर्य, पुढे टाळकरी, असं सगळं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. अण्णानं नाही म्हणायला हवं होतं. त्यालाही ते कळत होतं, कारण त्यानं एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. पण सर म्हणाले, "तुमच्याशिवाय हे कोण करणार?" आणि तो विरघळला. अव्वा आतून सगळं ऐकत होती. सर गेल्यावर ती बाहेर आली आणि वहिनीला म्हणाली, "मरनाला बोलावनं धाडलीस गं तू. माझ्या लेकाचं बोलावनं धाडलीस." वडिलांना तसल्याच विमानात बसलेलं तिनं पाहिलं होतं, ही एक गोष्ट मी तिच्या बाजूनं लिहून ठेवते. बाजूनं लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

नाटक चार वाजता सुरू झालं, कारण विजेचा भरवसा नव्हता आणि सरांना खराखुरा मावळता सूर्य पाहिजे होता. साहेब लोक खुर्च्यांवर, त्यांच्यासाठी बर्फात घातलेलं सरबत. बाकीचं गाव भेगाळलेल्या चिखलावर. बायका एका बाजूला, आणि सगळ्यांच्या पुढ्यात रिकाम्या घागरी, कारण नाटक सुटल्यावर तळ्याच्या पाळीवर टँकर येणार होता. अव्वानं 'मी येणार नाही' असं निक्षून सांगितलं होतं, पण शेजारणी निघाल्या तशी तीही निघाली. वहिनीनं त्या दिवसासाठी कासारणीकडून मनगट झाकेल इतक्या नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. अव्वा मधे, एका बाजूला ती, एका बाजूला मी, अशा आम्ही बसलो.

सुरुवातीला सर भोंग्यावरून म्हणाले, "हे नाटक तुमचंच आहे. कलाकार तुमच्यातूनच उठतील, तुमच्यातच बसतील." असलं बोलायची त्यांना हौस होती. त्या एका वाक्यानं पुढचं सगळं झालं.

अण्णानं काम चांगलं केलं, उगाच खोटं कशाला बोलू? खरी कुदळ, खरी माती, अंगावर खरा घाम. सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई त्याची बायको झाली होती, ती वाक्यं पाठ म्हणायची. अण्णाच्या तोंडून एकेक वाक्य निघण्याआधी वहिनीचे ओठ हलायचे.

मग तो विहिरीत पडला, आणि थोड्या वेळानं पाळीमागून टाळ ऐकू आले. सरांनी आमच्या मठाचंच भजनी मंडळ आणलं होतं. त्यांना नाटक कुठलं येतंय? खऱ्या मयताला म्हणतात तेच ते म्हणत आले. मागून चौघांच्या खांद्यावर विमान. हार कुठून मिळणार, म्हणून रंगीत कागदाची फुलं लावली होती. मधे अण्णा, मांडी घालून, डोळे मिटून, भस्माचे पट्टे ओढून, छातीवरून शेला आवळून फळीला बांधलेला. डोक्याला फेटा. तो फेटा आमच्या वडिलांचा होता. अण्णानं कुणाला न विचारता तो पेटीतून काढून नेला होता, हे आम्हाला तिथे कळलं.

गडी माणसं भराभर उठली. चपला काढल्या, हात जोडले. एका म्हाताऱ्यानं तर खिशातली चिल्लर उधळली, आमच्यात मयतावर उधळतात तशी. विमान आमच्या जवळ आलं आणि अव्वा उठली. तिनं वहिनीचं मनगट धरलं आणि तिला ओढत थेट वाटेत नेलं, विमानाच्या पुढ्यात खाली बसवलं. मी मधे पडले, तर मला कोपरानं ढकललं. कुणाची तरी पितळी घागर होती. तिच्या काठावर तिनं वहिनीचे दोन्ही हात आपटले. एकदा, मग परत. बांगड्या फुटून चिखलावर पसरल्या आणि मनगटांतून रक्त आलं.

"आता बस," अव्वा म्हणाली. "तुलाच पायजे हुतं नं? आता बस, बघ डोळं भरून."

वहिनी रडली नाही. तिनं मान वर करून विमानाकडे बघितलं. "अवो," ती म्हणाली, अगदी घरात हाक मारतात तशी. "अवो, उठा."

अण्णा हातभर अंतरावर होता. त्याचे डोळे मिटलेले होते, पण पापण्या हलल्या, मी पाहिल्या. म्हणजे ऐकू आलं होतं. खांदेकरी थांबले. बाजूला उभे असलेले सर हातानं खुणावत होते, चला, चला, थांबू नका. मग खांदेकरी वहिनीला वळसा घालून पुढे गेले, आणि माझा भाऊ मेलेला बसून राहिला. आमच्या मागे बायका हुंदके देत होत्या. एक म्हणत होती, "ही दुसरी नर्सबाई दिसतीय." दुसरी म्हणाली, "अन् म्हातारीचं काम किती बेस केलंय." सूर्य मावळला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या संपायच्या आत टँकरचा भोंगा वाजला. सगळं गाव घागरी घेऊन पाळीकडे पळालं. चिखलावर बसलेल्या वहिनीला ओलांडूनच पळालं.

सर धावत आले आणि अव्वाच्या पाया पडले. "आई, तुम्ही नाटक कुठल्या कुठे नेऊन ठेवलंत." अव्वाला आधी काही उमगेना. मग उमगलं आणि, देवाशप्पथ सांगते, तिनं पदर सारखा केला.

आमच्यात बाईलाही पुरुषाइतकंच लिंग बांधतात, आमच्यात विटाळ नाही, विधवेचा तिटकारा नाही, असं मी लहानपणापासून मठातल्या प्रवचनांत ऐकत आले. ते मठातच राहायचं. घरी येईपर्यंत वाटेत कुठंतरी सांडायचं.

अण्णाला मी दुसऱ्या दिवशी धारेवर धरलं. तो म्हणाला, "शीन चालू हुता. मी उठलो असतो तर समदे हसले असते." खरंच हसले असते. आणि हसले असते तर काय बिघडलं असतं? एक भांडेवाला आठवडाभर गावात थट्टेचा विषय झाला असता. बायको हाक मारून राहिली होती, आणि याला पब्लिकची पडली होती. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तो माझ्याकडे न बघता तराजू पुसत होता.

वहिनी उघड्या हातांनी घरात वावरू लागली. एरवी बांगडी फुटली की नवी भरेपर्यंत सवाष्णीनं मनगटाला दोरा तरी बांधायचा असतो. तिनं दोरा बांधला नाही. कासारीण दारावर आली तर अव्वानं तिला परत लावलं: "ज्याच्या नावानं फुटल्या त्यो भरंल." एवढं एकच बोलणं वहिनीला पटलेलं दिसलं, कारण तीही तेच धरून बसली. टँकरच्या रांगेत बायका तिच्या हातांकडे बघायच्या. शेजारच्या घरी ओटी भरायची होती, तिथलं बोलावणं मला आलं, तिला आलं नाही. नवरा दुकानात बसून घागरी विकतोय, आणि त्याच्या बायकोला सवाष्ण म्हणून कुणी बोलवत नाही. मी तिला म्हटलं, चल, आपण दोघी जाऊन बांगड्या भरून येऊ. ती म्हणाली, "न्हाई बाई. तेनी आनतील. तेनी आनल्या की झालं."

मी अण्णाच्या मागे लागले. तो रोज "आनतो" म्हणायचा.

आणि एक दिवस त्यानं आणल्या. दुपारचा जेवायला आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. वहिनी भाकरी थापत होती. तिनं पुडी पाहिली, पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, आणि त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं दोन्ही हात पुढे केले. जखमा भरत आल्या होत्या. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि तो मला अजून विसरता येत नाही, कारण त्यात काही राग उरला नव्हता. तिनं सगळं माफ केलं होतं.

अण्णानं पुडी तिच्या हातात दिली. भरल्या नाहीत, नुसती दिली. मग घसा खाकरून म्हणाला, "नांदेडला प्रयोग ठरलाय. विष्णुपुरीच्या धरणाजवळ, इंजिनिअरिंग कालेजच्या पोरायसमोर. सर म्हनले, तसंच झालं पायजे. अव्वा तयार हाय." वहिनी पुडीकडेच बघत राहिली, तेव्हा त्याला वाटलं तिला लागण्याची भीती आहे. तो समजुतीनं म्हणाला, "ह्या कच्च्या हायत. लई पातळ. आपटल्या की लगीच फुटतील, तुला लागनार न्हाई. मी धा दुकानं बघून आनल्या."

त्यानं खरंच तिच्या मनगटांचा विचार केला होता. माणूस किती दुष्ट असू शकतो हे मला अव्वाकडून नाही, त्या दिवशी अण्णाकडून समजलं. अव्वाच्या अंगात निदान भीती होती.

वहिनीनं हात मागे घेतले. पुडी ट्रंकेत ठेवली, त्याच कादंबरीच्या वर. त्याला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक घेऊन ती उदगीरवरून देगलूरला जाणाऱ्या गाडीनं माहेरी निघाली. बाईमाणूस घरातून निघताना 'येते' म्हणतं. ती उंबऱ्याशी थांबली, अव्वाच्या पाया पडली आणि म्हणाली, "जाते."

नांदेडचा प्रयोग झाला. बांगड्या नर्सबाईच्या फोडल्या. तिनं एवढा आरडाओरडा केला की पोरं हसली, आणि धरणाला पाणी असल्यामुळे अर्धं पब्लिक तिकडेच बघत होतं. पुढं सरांची बदली झाली. पाऊस पडला, तळं भरलं, लोक विसरले.

अव्वा विसरली नाही. तिनं अण्णासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली. निलंग्याला बघितली, उदगीरला बघितली. आमच्या लोकांत बातमी कुठली लपते? प्रत्येक ठिकाणी चहा-पोहे व्हायचे आणि मग आतून कुणीतरी विचारायचं, जिवंतपणी विमानात बसलेला तो हाच का? विमानात बसलेल्याला कोण मुलगी देणार? अव्वा संतापायची, "नाटक हुतं ते, नाटक!" हे तिच्याच तोंडून ऐकताना मला बरं वाटायचं. मी तेव्हाही बरं वाटत नाही असं दाखवलं नाही आणि आताही दाखवणार नाही.

अण्णा एकदा देगलूरला गेला होता. सासऱ्यानं जेवू घातलं. वहिनी शाळेत शिकवायला गेली होती, ती येईपर्यंत थांबायचं सोडून तो शेवटच्या गाडीची वेळ सांगून निघून आला. मी मात्र जात राहिले. तिला चांगली नोकरी लागली होती, पोरं तिला भ्यायची. तिच्या डाव्या हातात घड्याळ असायचं. बाकी हात तसेच. आमच्याबद्दल तिनं कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं की ऐकून घेतलं.

मग खूप वर्षांनी अण्णा नांदेडच्या दवाखान्यात हृदयविकारानं गेला. लातूरला आणला. अंगणात बांबूचं विमान बांधलं, या वेळी फुलं खरी होती. अव्वा तोवर पार थकली होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं, ओसरीत भिंतीला टेकून बसलेली असायची. पोरगा गेल्याचं कळल्यावर ती रडायच्या आधी म्हणाली, "तिला बलवा. बांगड्या फोडाया पायजेत. न्हाईतर माझ्या लेकाला गती न्हाई."

मी देगलूरला फोन केला. नको येऊस, असं मीच सांगितलं. ती दुपारच्या आत आली.

अंगणात गर्दी होती. भावकीतल्या बायकांनी तिला धरून विमानासमोर आणलं. एकीनं पाट मांडला, एकीनं वरवंटा आणून ठेवला, कुणीतरी तिचा पदर मागे सारून हात पुढे ओढले. घड्याळ होतं. दुसरं काही नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फोडायला काही नाही म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं, ते कुणाला माहीत नव्हतं.

वहिनीनं हात सोडवून घेतले. ती विमानाच्या अगदी जवळ गेली. अण्णा मांडी घालून बसलेला, शेल्यानं बांधलेला, कपाळाला भस्म. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तशाच घरातल्या आवाजात म्हणाली, "अवो, उठा."

आणि ती थांबली. हाक मारल्यावर माणूस उत्तरासाठी थांबतो तेवढी थांबली. मग तिनं पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. कागद पिवळा पडून कडांना झिजला होता. तिनं पुडी उघडली, त्या पातळ हिरव्या बांगड्या नीट एकात एक लावल्या, आणि त्याच्या मांडीवर ठेवल्या. एकही फुटलेली नव्हती. भजन सुरू झालं, विमान उचललं, आणि तो त्या बांगड्या मांडीवर घेऊन गेला. तशाच त्याच्याबरोबर पुरल्या.

ओसरीतून अव्वा मला हाका मारत होती. तिला काहीच दिसत नव्हतं. मी जवळ गेले तर तिनं माझा हात चाचपून धरला.

"फोडल्या का गं?" तिनं विचारलं. "आवाज न्हाई आला."

"न्हाई येनार," मी म्हटलं. "आता बस."